कोपा लिबेर्तादोरेस: गटात पहिले आल्याचा खरोखर किती फायदा होतो?

पहाटपाळी

कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक अंतिम सामन्यापुरतेच असते. या स्पर्धेचा खरा कस मात्र फेब्रुवारीतील पात्रता फेऱ्यांत आणि ऑगस्टमधील अंतिम सोळा संघांच्या फेरीत लागतो, असे माझे मत आहे. हा धागा त्या आरंभीच्या बाद फेऱ्यांपुरताच मर्यादित ठेवावा, अशी विनंती आहे.

रचना थोडक्यात सांगतो. 2017 पासून स्पर्धेत 47 संघ असतात. त्यांपैकी 28 संघांना गटसाखळीत थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या 19 संघांना तीन पात्रता फेऱ्यांत झगडून चार जागा मिळवाव्या लागतात. चार-चार संघांच्या आठ गटांतून पहिले दोन पुढे जातात आणि तिसरा संघ कोपा सुदामेरिकाना या दुय्यम स्पर्धेकडे वळतो. अंतिम सोळांची सोडत काढताना गटविजेते एका भांड्यात आणि उपविजेते दुसऱ्या भांड्यात असतात. गटविजेत्याला परतीची, म्हणजे दुसरी लढत घरच्या मैदानावर मिळते. एकाच देशाचे, इतकेच काय एकाच गटातले दोन संघही पुन्हा समोरासमोर येऊ शकतात. दोन लढतींची बेरीज बरोबरीत सुटली तर जादा वेळ नसतो आणि निकाल थेट पेनल्टी शूटआऊटवर लागतो. परक्या मैदानावर केलेल्या गोलला अधिक वजन देण्याचा नियमही 2022 पासून रद्द झाला आहे.

आता मुद्दा असा की, परतीची लढत घरी मिळणे हे गटविजेत्याचे बक्षीस समजले जाते, पण या बक्षिसाचे मोल गेल्या काही वर्षांत फारसे उरलेले नाही. 2022 च्या अंतिम सोळांत अर्जेंटिनाचा बोका ज्युनियर्स आणि ब्राझीलचा कोरिंथियान्स हे एकाच गटातून आलेले संघ पुन्हा भिडले. बोका गटात पहिला होता, परतीची लढत त्याच्या घरच्या ला बोम्बोनेरावर होती, दोन्ही सामने गोलशून्य राहिले आणि बोका पेनल्टींवर बाहेर पडला. त्याच फेरीत रिव्हर प्लेट हा गटविजेता वेलेस सार्सफिल्डकडून पहिली लढत 0-1 अशी हरला आणि परतीच्या लढतीत आपल्याच मोनुमेंतालवर त्याला एकही गोल करता आला नाही. जो एक झाला तो हाताला चेंडू लागल्याच्या कारणावरून व्हीएआरने (व्हिडिओ पंचांनी) रद्द ठरवला.

त्याहून बोलका दाखला शेवटच्या दोन विजेत्यांचा आहे. 2024 चा विजेता बोताफोगो गटात दुसरा होता. अंतिम सोळांत त्याने पाल्मेइरासला घरी 2-1 असे हरवले आणि साओ पाउलोत जाऊन 2-2 अशी बरोबरी राखली. तिथे भरपाई वेळेत गुस्तावो गोमेसचा गोल हाताच्या स्पर्शामुळे रद्द झाला नसता, तर कदाचित सगळेच चित्र पालटले असते. 2025 चा विजेता फ्लामेंगोही गटात दुसराच होता. इंटरनासिओनालला त्याने रिओमध्ये 1-0 असे हरवले आणि पोर्तो आलेग्रेत जाऊन पुन्हा 2-0 असे हरवले. ज्याला परतीची लढत बाहेर खेळायची असते, तो पहिल्याच लढतीत मनापासून आक्रमण करतो. गटविजेता मात्र पहिल्या लढतीत हात राखून खेळतो आणि घरी परतल्यावर नव्वद मिनिटांत सगळे उरकण्याच्या दडपणाखाली येतो. जाणकारांना काय वाटते?

गणिती

पहाटपाळी यांनी दाखले चोख दिले आहेत, परंतु दोन वर्षांवरून नियम बांधता येत नाही. 2020 आणि 2021 मध्ये जिंकलेला पाल्मेइरास, 2022 चा फ्लामेंगो आणि 2023 चा फ्लुमिनेन्से हे चारही विजेते आपापल्या गटात पहिले होते. शिवाय बक्षीस केवळ अंतिम सोळांपुरते नसते, ही गोष्ट मूळ लेखात राहून गेली आहे. गटसाखळीतील कामगिरीवरून सोळाही संघांना क्रमांक मिळतात, त्यांत गटविजेते 1 ते 8 आणि उपविजेते 9 ते 16. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीतही वरच्या क्रमांकाचा संघच परतीची लढत घरी खेळतो. म्हणजे गटात दुसरे आल्याची किंमत नोव्हेंबरच्या उंबरठ्यापर्यंत मोजावी लागते. बोताफोगोला 2024 मध्ये साओ पाउलो क्लबविरुद्धची परतीची लढतही बाहेर खेळावी लागली आणि तिथे तो पेनल्टींवर कसाबसा तरला.

दडपणाचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. 2023 च्या अंतिम सोळांत पॅराग्वेच्या ओलिम्पियाने रिओत 0-1 असा पराभव स्वीकारला आणि असुन्सिओनला परतल्यावर फ्लामेंगोला 3-1 असे लोळवले. फ्लामेंगो त्या वेळी गतविजेता होता. त्याच फेरीत इंटरनासिओनाल ब्वेनोस आयरेसमध्ये रिव्हरकडून 1-2 असा हरला, घरी 2-1 असा जिंकला आणि पेनल्टींची मालिका 9-8 अशी लांबल्यावर पुढे गेला. हे दोन्ही गटविजेते होते आणि दोघांनाही घरच्या मैदानानेच तारले. माझ्या मते लाभ आहेच. तो कोणत्या शहरातील घर आहे यावर अधिक अवलंबून असतो, इतकेच.

तिरकी किक

सोडतीवर कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. 2017 पूर्वी अंतिम सोळांत सोडतच नव्हती. गटसाखळीत सर्वोत्तम ठरलेल्या संघाची गाठ सोळाव्या क्रमांकाशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, असा सरळ हिशेब होता. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण या न्यायाने 2015 मध्ये काय घडवले ते पाहा.

बोकाने गटात सहापैकी सहा सामने जिंकून 18 गुण मिळवले आणि तो पहिल्या क्रमांकावर आला. रिव्हरने सहा सामन्यांत जेमतेम एक सामना जिंकला होता. तो एकमेव विजय शेवटच्या दिवशी मिळाला, परंतु मेक्सिकोच्या तिग्रेसने पेरूमध्ये हुआन आउरिचला 5-4 असे हरवले म्हणूनच तो टिकला आणि सोळावा ठरला. अशा प्रकारे सहाही सामने जिंकल्याचे बक्षीस म्हणून बोकाच्या पदरात आपला सनातन वैरी पडला. मोनुमेंतालवरची पहिली लढत रिव्हरने कार्लोस सांचेसच्या पेनल्टीवर 1-0 अशी जिंकली. 14 मे रोजी ला बोम्बोनेरावर पूर्वार्ध गोलशून्य संपला आणि उत्तरार्धासाठी रिव्हरचे खेळाडू फुगवलेल्या बोगद्यातून मैदानाकडे येत असताना प्रेक्षागृहातील कोणीतरी त्या कापडातून आत तिखट द्रव्याचा फवारा मारला. पोन्सिओ, वांजिओनी, क्रानेविटर, फुनेस मोरी यांचे डोळे आणि त्वचा भाजल्यासारखी लाल झाली. ते मैदानावर डोळ्यांवर पाणी मारत उभे होते आणि वरून एक ड्रोन भुताचे चित्र फिरवत होता, ज्यावर रिव्हरच्या दुसऱ्या श्रेणीतील घसरणीची आठवण करून देणारे ‘बी’ हे अक्षर होते. पंच दारिओ एरेरा यांनी बराच वेळ वाट पाहून सामना थांबवला. दोन दिवसांनी दक्षिण अमेरिकी फुटबॉल महासंघ कॉन्मेबोलने बोकाला स्पर्धेतून काढले.

पुढे हाच सोळावा रिव्हर विजेता झाला. अंतिम फेरीत त्याने कोणाला हरवले? ज्यांच्या कृपेने तो गटातून बाहेर पडला त्याच तिग्रेसला! त्यामुळे क्रमवारी असो वा सोडत, या स्पर्धेत गटातील पहिल्या क्रमांकावर विसंबून राहण्यात अर्थ नाही, हे पहाटपाळींचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्याचे कारण मानसिक दडपण नाही, स्पर्धेची हवाच तशी आहे.

सह्यकडा

‘कोणत्या शहरातील घर’ हा गणिती यांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर बरेचसे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत आहे. बोलिव्हियातील ला पासचे एर्नांदो सिलेस मैदान सुमारे 3,600 मीटरवर आहे, एल आल्तोचे 4,000 मीटरच्याही वर आणि इक्वेडोरची राजधानी कितो 2,850 मीटरवर. (तुलनेसाठी, आपले कळसूबाई 1,646 मीटर आहे.) विरळ हवेत चेंडू वेगाने आणि सरळ जातो, त्यामुळे गोलरक्षकाचा अंदाज चुकतो, आणि खालून आलेल्या खेळाडूची दमछाक साधारण तासाभराने दिसू लागते. 2025 च्या अंतिम सोळांत गतविजेत्या बोताफोगोने रिओमध्ये कितोच्या एलडीयू क्लबला 1-0 असे हरवले आणि आठवड्याने कितोत 0-2 अशी हार पत्करून तो बाहेर पडला. एलडीयू हा फ्लामेंगोच्याच गटातून पहिला आलेला संघ होता, म्हणजे त्याला परतीची लढत घरी आणि तीही उंचावर मिळाली. ते गटात दुसरे आले असते, तर निकाल हाच लागला असता का, याविषयी मला शंका आहे.

या उंचीवरचा एक उपाय असा की, सराव करण्याइतका अवधी नसेल तर त्रास सुरू होण्याआधीच खेळून परत यावे, म्हणजे खाली मुक्काम करून सामन्याच्या अगदी तोंडावर वर जावे. 2017 च्या दुसऱ्या पात्रता फेरीत आत्लेतिको तुकुमानने हेच ठरवले होते. अर्जेंटिनाच्या उत्तरेकडील हा क्लब पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला होता. कितोच्या एल नासिओनालविरुद्धची घरची लढत 2-2 अशी सुटली होती आणि परतीच्या लढतीसाठी संघ समुद्रकाठच्या ग्वायाकीलमध्ये उतरला होता. सामन्याच्या दिवशी तिथून कितोला नेणाऱ्या भाड्याच्या विमानाला उड्डाणाची परवानगीच मिळाली नाही. तासन्‌तास विमानात बसून राहिल्यावर खेळाडूंना उतरवून दुसऱ्या नेहमीच्या विमानात घालण्यात आले आणि संघाचे सामान मागेच राहिले. कितोच्या विमानतळापासून मैदानापर्यंत बस पोलिसांच्या गाड्यांमागून सुसाट धावत होती आणि अर्जेंटिनाचे राजदूत लुईस हुएस सामना रद्द होऊ नये म्हणून दूरध्वनीवर सर्वांशी हुज्जत घालत होते.

खेळाडू पोहोचले तेव्हा नियोजित वेळ उलटून गेली होती आणि अंगात घालायला त्यांच्याकडे जर्सीही नव्हती. अर्जेंटिनाचा 20 वर्षांखालील संघ योगायोगाने तेव्हा इक्वेडोरमध्ये खंडीय स्पर्धा खेळत होता, त्याच्या निळ्या-पांढऱ्या जर्सी आणि बूट मागून आणले गेले. तासाभराहून अधिक उशिराने, अंगतोड प्रवासानंतर, कोणाच्या तरी मापाचे बूट घालून तुकुमान उतरला आणि फर्नांदो साम्पेद्रीच्या हेडरवर 1-0 असा जिंकला. पुढच्या फेरीत त्याने कोलंबियाच्या हुनिओरलाही बाहेर काढून गटसाखळी गाठली. ऐनवेळी वर जाण्याचा बेत इतका तंतोतंत पाळला गेलेला मी दुसरा पाहिलेला नाही!

पहाटपाळी

सह्यकडा, तुकुमानच्या या लढतीत दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते, हे लक्षात घ्यावे. यजमानांनी ठरलेल्या वेळेनंतर थांबायला सुरुवातीला नकार दिला, तो नियमाला धरूनच होता. गणिती यांनी पुढच्या फेऱ्यांतील क्रमवारीचा जो मुद्दा मांडला तोही रास्त आहे. तरीही मी अंतिम सोळांपुरते म्हणणे कायम ठेवतो, कारण परक्या मैदानावरील गोलचा नियम गेल्यापासून पहिल्या लढतीचे यजमान अधिक मोकळेपणाने खेळू लागले आहेत. पूर्वी घरी एक गोल खाल्ला की बाहेर दुप्पट भार वाहावा लागे. ते भय आता राहिलेले नाही आणि त्याचा लाभ गटातल्या दुसऱ्या संघालाच होतो.

कोपरा ध्वज

पात्रता फेऱ्यांना आपण अद्याप हात घातलेला नाही, वास्तविक तिथले अपघात अधिक जिव्हारी लागणारे आहेत. पहिल्या फेरीत बोलिव्हिया, इक्वेडोर, पॅराग्वे, पेरू, उरुग्वे आणि व्हेनेझुएला यांचा एकेक संघ असतो. दुसऱ्या फेरीपासून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे मातब्बर येतात आणि त्यांच्यासाठी हा काळ सर्वांत वाईट असतो. हंगाम नुकताच सुरू झालेला, नवे खेळाडू अजून रुळलेले नाहीत आणि समोरचा संघ मात्र वर्षातील सर्वांत मोठा सामना म्हणून उतरलेला.

कोरिंथियान्सला हे कोणी शिकवायला नको. 2011 मध्ये घरी 0-0 अशी बरोबरी झाल्यावर 2 फेब्रुवारीला कोलंबियातील इबागे येथे देपोर्तेस तोलिमाने त्याला 2-0 असे हरवले. संघात ब्राझीलचा रोनाल्डो होता आणि तो त्याच्या क्लब कारकिर्दीतील शेवटचा सामना ठरला, कारण त्याच महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली. चाहते खवळलेले असताना क्लबने प्रशिक्षक तिते यांना मात्र हलवले नाही. तोच क्लब, तेच प्रशिक्षक आणि पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, एकही सामना न हरता लिबेर्तादोरेस! त्यानंतरही खोड गेली नाही. 2020 मध्ये पॅराग्वेच्या ग्वारानीने त्याला दुसऱ्या फेरीत परक्या मैदानावरील गोलच्या जोरावर काढले आणि 2025 मध्ये ग्वायाकीलच्या बार्सेलोनाने तिसऱ्या फेरीत.

2025 मध्येच बोकाची गत त्याहून वाईट झाली. आलियान्सा लिमाकडून बाहेर 0-1, घरी 2-1, म्हणजे बरोबरी. सामना संपता संपता प्रशिक्षक फर्नांदो गागो यांनी खास पेनल्टींसाठी गोलरक्षक मार्चेसिनला काढून तरुण लेआंद्रो ब्रेईला आणले. ब्रेईला एकही पेनल्टी अडवता आली नाही, बोकाच्या बेलास्कोची अडली आणि आलियान्सा 5-4 असा जिंकला. तिसऱ्या फेरीत हरणाऱ्यांना निदान सुदामेरिकानाची जागा मिळते, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला काहीच मिळत नाही. सहा वेळच्या विजेत्याचे खंडीय वर्ष फेब्रुवारीतच आटोपले. माझ्या दृष्टीने संपूर्ण स्पर्धेतील सर्वांत निर्दय फेरी हीच आहे. आणि तरीही याच वाटेने निघून विजेते झालेले संघ आहेत. बोताफोगोने 2024 ची सुरुवात कोचाबांबात आउरोराविरुद्ध 1-1 अशा रडतखडत बरोबरीने केली होती आणि 2009 मध्ये एस्तुदियांतेसने पहिल्याच पायरीवर स्पोर्टिंग क्रिस्तालला केवळ परक्या मैदानावरील गोलवर मागे टाकले होते.

फातोर्ड्याचो

गोव्यात एफसी गोवाचे प्रशिक्षक म्हणून 2014 ते 2016 या काळात झिको यांना जवळून पाहिलेल्यांना एक आठवण उपयोगी पडेल. फ्लामेंगोला 1981 ची लिबेर्तादोरेस त्यांनी जिंकून दिली, अंतिम फेरीतील संघाचे चारही गोल त्यांचेच. पण त्या काळी गटातून एकच संघ पुढे जात असे, त्यामुळे आज आपण ज्यांना आरंभीच्या बाद फेऱ्या म्हणतो त्या नव्हत्याच. फ्लामेंगो आणि आत्लेतिको मिनेइरो यांचे गुण समान झाल्याने गोयानियात एक निर्णायक सामना ठेवावा लागला. पंच जोसे रोबेर्तो राइट यांनी मिनेइरोच्या रेइनाल्दो, एदेर यांच्यासह पाच खेळाडूंना एकामागून एक बाहेर काढले, संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरल्याने सामना 37 व्या मिनिटाला थांबला आणि फ्लामेंगो पुढे गेला. बेलो होरिझोंतेत हा विषय अजूनही सलोख्याने काढता येत नाही, असे म्हणतात. तेव्हा आरंभीच्या फेऱ्यांतील वाद ही काही 2015 ची निर्मिती नव्हे.

तिरकी किक

वादांचाच विषय निघाला तर कागदपत्रांचाही एक प्रकार आहे. वर ज्या कार्लोस सांचेसची पेनल्टी सांगितली, त्याला 2015 च्याच सुदामेरिकानात लाल कार्ड मिळाले आणि निलंबन झाले. तो मेक्सिकोला गेला. कॉन्मेबोलने आपल्या शताब्दीनिमित्त शिक्षांमध्ये सूट दिली, तरी एक सामना शिल्लक राहिला आणि तो कोणाच्याच ध्यानात राहिला नाही. 2018 मध्ये तो सांतोसकडून अंतिम सोळांत इंदिपेंदिएंतेविरुद्ध उतरला. मैदानावर 0-0 असा सुटलेला सामना कॉन्मेबोलने इंदिपेंदिएंतेच्या बाजूने 3-0 असा फिरवला आणि हा निर्णय परतीच्या लढतीच्या दिवशीच जाहीर केला. साओ पाउलोतील पाकाएंबू मैदानावर सांतोसच्या प्रेक्षकांनी फटाके फेकले, मैदानात घुसण्याचा प्रयत्न केला आणि 81 व्या मिनिटाला सामना थांबवावा लागला. त्याच वर्षी रिव्हरचा ब्रुनो झुकुलिनीही निलंबन शिल्लक असताना सामने खेळला होता, परंतु प्रतिस्पर्ध्यांनी मुदतीत तक्रार केली नाही, म्हणून रिव्हर सुटला आणि शेवटी विजेताही झाला. परतीची लढत घरी मिळाली म्हणून सांतोसचे काय भले झाले, ते पहाटपाळींनी आपल्या यादीत जोडून घ्यावे.

गणिती

सांतोसचे उदाहरण मी यादीत धरणार नाही, कारण तिथे घरचे मैदान हरले नाही, कार्यालय हरले. जादा वेळ नसण्याबद्दल मात्र लिहायला हवे, कारण पहाटपाळींच्या मुद्द्याचे खरे बळ तिथे आहे. जादा वेळ असता तर परतीच्या लढतीच्या यजमानाला आपल्या प्रेक्षकांसमोर आणखी तीस मिनिटे मिळाली असती आणि उंचावरच्या संघासाठी ती सोन्याची ठरली असती. ती नसल्याने पाहुणा संघ नव्वदाव्या मिनिटापर्यंत तग धरण्याचा हिशेब मांडतो.

2023 मध्ये बोकाने हा हिशेब टोकाला नेला. अंतिम सोळांत उरुग्वेच्या नासिओनालविरुद्ध 0-0 आणि 2-2, पुढे रासिंगविरुद्ध दोन वेळा 0-0, पाल्मेइरासविरुद्ध 0-0 आणि 1-1. गोलरक्षक सर्जिओ रोमेरोच्या हातांवर तिन्ही वेळा पेनल्टी जिंकून हा संघ बाद फेरीतील एकही सामना न जिंकता अंतिम फेरीत पोहोचला. या तीन जोड्यांपैकी नासिओनालविरुद्धचीच परतीची लढत ला बोम्बोनेरावर होती. रासिंग आणि पाल्मेइरासने परतीच्या लढती आपापल्या घरी खेळल्या आणि दोघेही आपल्याच प्रेक्षकांसमोर पेनल्टींवर बाहेर पडले. घराचा लाभ आहे असे मी वर म्हटले, ते कितो आणि ला पासबाबत आजही ठामपणे म्हणेन. ब्वेनोस आयरेस आणि साओ पाउलोबाबत म्हणताना मी रोमेरोचे नाव आधी विचारात घेईन.